पंचवीस वर्षांचा करार, अकरा महिन्यांचा साक्षीदार

आमच्या ऑफिसात वीज तयार होत नाही. आम्ही फक्त वीज विकत घेण्याचे करार करतो. बनासकांठ्यात किंवा कच्छात कुणाला उन्हावर नाहीतर वाऱ्यावर वीज करायची असली, की त्याला आधी असं एक गिऱ्हाईक लागतं, जे पंचवीस वर्षं ठरलेल्या दराने ती वीज घेण्याचं लिहून देईल. तो कागद दाखवला की बँक कर्ज देते, कर्ज मिळालं की पॅनेलं येतात आणि मग सूर्याचा काही उपयोग होतो. थोडक्यात, सूर्य रोज उगवत असला तरी कामाला लागतो तो आमचा शिक्का बसल्यावर. बडोद्यातल्या एका तीन मजली इमारतीला एवढा मान आहे आणि तिथली लिफ्ट मात्र आठवड्यातून दोन दिवस बंद असते.

हा शिक्का मारण्याचं काम दत्ताजीराव पांढरे यांच्याकडे होतं. ऑफिसातली गुजराती मंडळी त्यांना दत्ताभाई म्हणत, मी काका म्हणायचे. मी तिथे विधी सहायक आहे, म्हणजे साहेबांना जे करायचंच आहे ते कायद्यात कुठे बसतं ते शोधून देते. काकांचं वय छप्पन्न, घर मांजलपूरला, येणंजाणं जुन्या ॲक्टिव्हावर, आणि शर्टाच्या खिशात कायम एक लाल-निळी पेन्सिल. पंचवीस-पंचवीस वर्षांचे करार त्यांच्या हाताखालून जायचे. त्यांचा स्वतःचा करार अकरा महिन्यांचा.

अकराच का? कारण माणूस सलग राहिला तर चिकटतो, अशी ऑफिसला भीती आहे. चिकटला की कायम करा, निवृत्तिवेतन द्या, नाना लचांडं. म्हणून अकरा महिने झाले की एक दिवस ब्रेक. त्या दिवशी तुम्ही आमचे कुणी नाही. दुसऱ्या दिवशी नवीन पत्र, नवीन अकरा महिने, आणि पत्रात दरवेळी तेच वाक्य, की ही नेमणूक तात्पुरती आहे. काकांची अशी वीस तात्पुरती पत्रं झाली होती. ती सगळी त्यांनी बायकोच्या, मंदाकाकूंच्या, साडीबरोबर आलेल्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट तारीखवार ठेवली होती.

कायम लोकांना ऑफिसचं निळं ओळखपत्र मिळतं, अकरा महिनेवाल्यांना पिवळं. मी परीक्षा देऊन आले, सहा वर्षांपूर्वी, मला पहिल्याच दिवशी निळं मिळालं. ते मला प्रिंटरमधून काढून दोरीत ओवून दिलं ते काकांनीच. काहीतरी चेष्टाही केली, ‘सांभाळ गो, याला ऊन लागलं तरी रंग जात नाही.’ त्यांना स्वतःला निळं हवं होतं. हे ते लपवत नसत. दरवर्षी एक अर्ज करत आणि दरवर्षी ‘सेवेत खंड असल्याने’ तो परत येई. अठ्ठावन्नला निवृत्ती. हातात राहिलं होतं जेमतेम सव्वा वर्ष.

आता त्यांच्या कामाविषयी. काकांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत नकलनवीस होते. तिथे कुठलाही कागद उतरवला की त्याची रुजवात व्हायची. म्हणजे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवर शब्दाशब्दाला पेन्सिलीने टिंब द्यायचं. संस्थान गेलं, कचेरी गेली, रुजवात तेवढी काकांच्या घरातून निघून आमच्या ऑफिसात आली. चौऱ्याण्णव पानांचा इंग्रजी करार, मी वाचणार, काका टिंबं देणार. स्वल्पविराम आला की मी ‘कॉमा’ म्हणायचं, नाही म्हटलं तर ते पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे बघत बसत. नवीन आलेले इंजिनियर आम्हाला हसत. कॉम्प्युटर हे काम एका मिनिटात करतो म्हणत. कॉम्प्युटरने खरंच एका मिनिटात केलेल्या एका करारात सौरऊर्जेच्या कंपनीने दरमहा वाऱ्याचा वेग कळवावा असं कलम शिल्लक राहिलं होतं. ते काकांच्या पेन्सिलीला सापडलं, आणि त्यानंतर हसणं जरा हळू आवाजात होऊ लागलं.

रुजवात झाली की शेवटच्या पानावर आमच्या बाजूचा साक्षीदार म्हणून काका सही करत. खाली शिक्का मारत, ‘सहायक, करार शाखा’. असे एकशे बारा करार. बरं, ब्रेकच्या दिवशी काय? त्या दिवशी पिवळं कार्ड गेटवर जमा. पण काम थोडंच थांबतं! काका सकाळी साडेदहाला गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बाकावर येऊन बसत, आणि करार कागदांच्या गठ्ठ्यासकट त्यांच्याकडे जाई. मी बाकाच्या एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला, मध्ये आमचे दोन चहा आणि गुजरात राज्याची पुढली पंचवीस वर्षं.

घरी मंदाकाकूंचा वेगळाच जीव जायचा. वर्षात एक दिवस नवरा रिकामा सापडतो, तर त्या दिवशी त्याला घेऊन खंडेराव मार्केटला जावं, मनासारखी भाजी, फळं घ्यावीत, पिशव्या त्याने धराव्यात, एवढीच त्यांची मागणी. वीस ब्रेक झाले, काका एकदाही गेले नाहीत. ‘तुमच्या टपरीवाल्याला मी सवत म्हणते,’ असं त्या मला एकदा फोनवर म्हणाल्या होत्या.

गेल्या मार्चमधली गोष्ट. मुंबईच्या एका कंपनीने अगदी पडत्या दरात सौर वीज द्यायची बोली लावली होती. बोली लावली तेव्हा पॅनेलं स्वस्त होती, नंतर महागली. कंपनीला पश्चात्ताप होऊ लागला. पण बोली लावून पळून जाता येत नाही, अनामत बुडते. करारावर सह्या करायची मुदत मार्चच्या पंधरा तारखेला संपत होती. आमच्या बाजूने काही अडून त्या दिवशी सही झाली नाही तर मात्र बोली आपोआप रद्द, कंपनी मोकळी. म्हणून तिचा माणूस रोज येतो-येतो म्हणत शेवटच्या दिवशी दुपारी तीनला उगवला. आणि पंधरा मार्च हा काकांचा ब्रेकचा दिवस होता.

रुजवात सकाळीच टपरीवर उरकली होती. प्रश्न उरला साक्षीचा. शाखेचे प्रमुख अमीनसाहेब सरळ मनाचे गृहस्थ आहेत, म्हणजे जे पहिलं सुचतं तेच बोलतात. ते म्हणाले, ‘दत्ताभाईने बोलावो ने!’ म्हणजे बोलवा त्यांनाच. दुसऱ्या कुणाची साक्ष घ्यायला काही हरकत नव्हती, मी होते, तिथे सहा निळी कार्डं होती. पण एकशे बारा करारांवर जे नाव आहे तेच एकशे तेराव्यावर हवं असं सगळ्यांनाच वाटलं. शुभ असतं म्हणे.

तर काका गेटवर आले. कार्ड जमा असल्यामुळे वॉचमनने त्यांना पाहुण्यांच्या रजिस्टरात नोंद करायला लावली. काकांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: दत्ताजीराव पांढरे, राहणार मांजलपूर, कुणाला भेटायचे अमीनसाहेब, काम साक्ष, वेळ तीन चाळीस. वर आले, साक्षीदार म्हणून सही केली. आणि तिथे शाईची गादी नि शिक्का नेहमीसारखा उजव्या हाताला होता. हात आपसूक गेला. ‘सहायक, करार शाखा.’ चौऱ्याण्णव पानांतला एकूण एक स्वल्पविराम तपासणाऱ्या माणसाने तेवढा शिक्का तपासला नाही.

ऑगस्टमध्ये कंपनीच्या वकिलांनी माहितीच्या अधिकारात त्या दिवशीच्या रजिस्टरची नक्कल मागवली. आपला माणूस किती वाजता आत आला, त्यात काही खोट काढता येते का ते त्यांना पाहायचं होतं. आम्ही नक्कल तत्परतेने दिली. तिची रुजवातही काकांनीच केली. वकिलांना आपल्या माणसाच्या खालच्या ओळीत काका सापडले, आणि विजेचे तंटे ज्या आयोगापुढे चालतात तिथे अर्ज दाखल झाला. म्हणणं असं, की आमच्या ऑफिसने साक्षीदार म्हणून जो ‘सहायक’ दाखवलाय तो त्या दिवशी सहायक नव्हता, पाहुणा होता. शिक्का खोटा, म्हणून साक्ष खोटी, म्हणून करार मुदतीत झालाच नाही.

ऑफिसची पाचावर धारण बसली. इतक्या स्वस्त दराची वीज पुन्हा मिळणार नव्हती, आणि ती गेली असती तर कुणाच्या तरी नावाने खडे फुटलेच असते. अमीनसाहेब पुन्हा पहिलं सुचलं तेच बोलले. ‘ए माणस ड्यूटी पर हतो! सकाळपासून काम करत होता ने! ब्रेक कॅन्सल करो.’ आणि खरोखर त्यांनी तसा आदेश टाइप करायला सांगितला: पंधरा मार्चचा ब्रेक रद्द, पांढरे त्या दिवशी कामावर होते.

यात खोटं एक अक्षर नव्हतं. गंमत हीच, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऑफिस काकांबद्दल खरं लिहायला निघालं होतं. आणि एक ब्रेक खोटा ठरला की बाकीचे एकोणीस कुठल्या तोंडाने खरे राहणार? सेवा सलग, अर्ज मंजूर, काका कायम. युनियनच्या माणसाने तर काकांना जिन्यात गाठून हातच मिळवला. दुपारी डबा खाताना काका मला म्हणाले, ‘मृदुला, निळ्या कार्डासाठी फोटो नवीन लागतो की जुना चालतो ने?’ मी म्हटलं नवीनच काढा, जॅकेट घालून. घरीही त्यांनी सांगून टाकलं असावं, कारण संध्याकाळी मंदाकाकूंचा फोन आला. फोटोला कुठला शर्ट चांगला दिसेल, फिका की गडद, हे त्या मला विचारत होत्या.

हे तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी आस्थापना विभागाला जाग आली. आमच्याकडे पिवळी कार्डं तीनशे चाळीस. एकाचा ब्रेक खोटा म्हणून लिहून दिलात तर उद्या तीनशे चाळीस माणसं पिशव्या घेऊन दारात उभी राहतील, असं त्यांनी अमीनसाहेबांना समजावलं. साहेबांनी आदेशाचा कागद फाडला नाही, ते सुसंस्कृत आहेत, त्यांनी तो उलटा करून त्यावर जेवणाच्या डब्याचं झाकण ठेवलं. मग मला बोलावलं. ‘मृदुलाबेन, कंई रस्तो काढो ने. करार पण राहिला पाहिजे आणि ब्रेक पण.’

मी हुशार आहे, हे मला लहानपणी प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये सगळे सांगायचे. रस्ता काढायला मला अर्धा तास पुरला. कायद्यात साक्षीदार कुणाचा नोकर असावा लागत नाही. सही होताना डोळ्यांनी पाहणारा, शुद्धीवर असलेला कुणीही माणूस चालतो. तेव्हा म्हणायचं असं, की पांढरे त्या दिवशी आमचे नव्हतेच, ते एक पाहुणे होते, त्यांनी पाहिलं आणि सही केली, शिक्का सवयीने बसला, तो नजरचुकीचा समजावा. साक्ष खरी, करार पक्का, ब्रेकही शाबूत. फक्त हे काकांनी स्वतः शपथेवर सांगायला हवं होतं. अमीनसाहेबांनी उठून माझ्यासाठी चहा मागवला. मला इतका आनंद झाला होता, की मी काय करून बसले ते तो चहा निम्मा होईपर्यंत लक्षात आलं नाही.

प्रतिज्ञापत्र मीच लिहिलं. चार पानं. काकांपुढे ठेवलं, तर त्यांनी ते वाचायलाच घेतलं नाही. म्हणाले, ‘रुजवात करू.’

माझ्याच्याने वाचवेना, पण वाचलं. ‘मी, दत्ताजीराव पांढरे, कॉमा, राहणार मांजलपूर, कॉमा, शपथेवर सांगतो की…’ त्यांची पेन्सिल टिंबं देत चालली होती. ‘मी त्या दिवशी सदर कार्यालयाचा कर्मचारी नव्हतो.’ टिंब. ‘माझ्या सेवेत त्या दिवशी रीतसर खंड होता.’ टिंब. मग पेन्सिल थांबली.

‘तारीख बघ,’ ते म्हणाले.

मी सोळा मार्च टाइप केलं होतं. सोळाला तर त्यांचं नवीन पत्र सुरू झालं होतं. हे असंच आयोगापुढे गेलं असतं, तर कंपनीच्या वकिलांनी उत्तराचा चुथडा केला असता, आणि ऑफिसला झक मारत पहिल्या वाटेने जावं लागलं असतं, ब्रेक रद्द करण्याच्या. मी मुद्दाम केलं होतं का, असं मला नंतर कुणीच विचारलं नाही, पण मी स्वतःला विचारलं. नाही. तेवढी धमक असती तर मी रस्ताच काढला नसता. ती निव्वळ घाईतली चूक होती, आणि ती तशीच राहू द्यायला काकांना फक्त एक टिंब द्यायचं होतं.

‘काका, राहू द्या ना,’ मी म्हटलं. ‘तुम्ही नाही पाहिलंत. मीही नाही पाहिलं.’

‘एकशे तेरा करारांवर माझी साक्ष आहे,’ ते म्हणाले. ‘चुकीची तारीख बघून मी सही केली असं एकदा ठरलं, तर बाकीच्यांचं काय? पंचवीस पंचवीस वर्षं चालायचेत ते.’ मग जरा रागाने, ‘आणि तू टाइप करताना बोलून बघत जा गो. किती वेळा सांगितलं.’

त्यांनी सोळावर रेघ मारली, वर पंधरा लिहिलं, समासात आद्याक्षरं केली. सही केली. या वेळी शिक्का त्यांनी आधीच उचलून खणात ठेवून दिला होता.

मला त्या माणसाचा राग आला. ऑफिसचा यायला हवा होता, माझा स्वतःचा तर आधी यायला हवा होता, पण आला त्यांचाच. इतकं नीट असण्याची काय गरज असते?

जानेवारीत आयोगाने करार कायम केला. कायम हा शब्द निकालात होता, मी तो पाहिला. ऑफिसात पेढे वाटले गेले. अमीनसाहेबांचं वरून अभिनंदन झालं आणि त्यांनी ते एकट्याने स्वीकारलं. काकांनाही पेढा मिळाला, दोन. त्याच आठवड्यात त्यांच्या अर्जाचंही उत्तर आलं, आणि या वेळी त्यात नेहमीचं मोघम वाक्य नव्हतं. ‘अर्जदाराने सेवेतील खंड स्वतः शपथेवर मान्य केला आहे, सबब अर्ज दप्तरी दाखल.’ पुरावा म्हणून माझी चार पानं जोडलेली होती, दुरुस्त केलेल्या तारखेसकट.

काकांनी ते पत्र वाचलं आणि पिशवीत तारखेप्रमाणे जागेवर घातलं.

पुढला ब्रेक सोळा फेब्रुवारीला आला. हा त्यांचा शेवटचा, कारण जूनमध्ये अठ्ठावन्न पुरी होत होती आणि नवीन पत्रही फक्त चार महिन्यांचं निघणार होतं. त्याच दिवशी आमच्याकडे पवनचक्क्यांच्या एका कराराची सही होती, संध्याकाळी साडेचारला, वरून पाहुणे येणार होते. मी सकाळी चौऱ्याण्णव पानांचा गठ्ठा उचलून टपरीवर गेले. बाक रिकामा. टपरीवाला म्हणाला, दत्ताभाई आले नाहीत. अर्धा तास थांबले, चहा प्याले. अमीनसाहेबांचे दोन फोन येऊन गेले. मग मी काकांना फोन लावला.

मागे खूप गलका होता. कुणीतरी ओल्या तुरीच्या शेंगांचा भाव ओरडत होतं, आणि मंदाकाकूंचा आवाज स्पष्ट ऐकू आला, ‘अहो, ही पिशवी डाव्या हातात घ्या, त्यात पपई आहे.’

‘काका, मी टपरीवर आहे,’ मी म्हटलं. ‘रुजवात राहिलीय. पानं खंडेराव मार्केटला घेऊन येऊ का? रिक्षाने पंधरा मिनिटांत येते.’

‘मृदुला,’ ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, रुजवातीला वाचतात तसा सावकाश आवाज. ‘मी, दत्ताजीराव पांढरे, कॉमा, राहणार मांजलपूर, कॉमा, शपथेवर सांगतो की मी आज रोजी सदर कार्यालयाचा कर्मचारी नाही.’

वाक्य माझ्याच प्रतिज्ञापत्रातलं होतं. फक्त तारीख आजची होती.

‘लिफ्ट बंद असेल ने आज?’ त्यांनी विचारलं. ‘जिना जपून चढ.’ आणि फोन ठेवला.

मी बाकावर बसून राहिले. मग पर्समधून पेन्सिल काढली, मूळ डाव्या मांडीवर, नक्कल उजव्या मांडीवर घेतली, आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागले. टपरीवाला बघत होता. कॉमा आला की मी कॉमा म्हणत होते.